वाकड्या खुब्याचा वाघ

(संग्रहालयाची कार्यशाळा. ताई एका नामशेष प्राण्याच्या पुतळ्याला दात बसवते आहे. धाकटा भाऊ नाकाला रुमाल लावून दारात.)

धाकटा : काय घाण वास आहे गं हा! डोकंच धरलं माझं.

ताई : रंगाचा आहे. आईच्या खोलीतला सोसला नाही, म्हणून इकडे आलास ना? मग घे आता.

धाकटा : आल्या आल्या टोमणा! हा वाघ का?

ताई : वाघाचा लांबचा चुलता. कधीच संपला. सुळे बघ, वीतभर. जबडा उघडला तर तुझं डोकं मावेल आत. पण सुळा आडवा अडकला की काडकन मोडायचा. आणि शेपूट एवढीशी.

धाकटा : म्हणजे नुसताच तोरा.

ताई : थोरल्या मामासारखा.

धाकटा : मागचा पाय वाकडा केलास तू.

ताई : मी कशाला करू? ज्याची हाडं सापडली त्याचा खुबाच तसा होता. मोडून वेडावाकडा जुळलेला.

धाकटा : मग शिकार कशी करायचा?

ताई : कसली शिकार! तरी जगला, चांगला म्हातारा होईपर्यंत. अभ्यासक म्हणतात, दुसऱ्या कुणीतरी आपल्यातलं खाऊ दिलं असणार.

धाकटा : बघ! जनावरालासुद्धा माया असते.

ताई : असते ना. तुझी कुठं अडकली? आईचा खुबा मोडला तेव्हा म्हणालास, पंधरा दिवस सांभाळ, मग तिला मी नेतो. उन्हाळा सरला.

धाकटा : तेच सांगायला आलोय. आमच्याकडे नाही गं जमायचं. जिना आहे, हिची नोकरी आहे… आणि आईला तुझ्याच हातचं लागतं.

ताई : तिला कुणाचंही चालतं. मला ती हल्ली ‘अहो बाई’ म्हणते.

धाकटा : तू मनापासून करतेस, ताई. सगळे म्हणतात, लेक असावी तर अशी.

ताई : म्हणतात, आणि चहा पिऊन आपापल्या घरी जातात. ये इकडे. हा सुळा धर. वाळेपर्यंत हलवायचा नाही.

धाकटा : किती वेळ?

ताई : बघ. लगेच विचारलंस.

धाकटा : तू नाही का विचारत कधी?

ताई : रोज सकाळी तिच्या दाराशी उभी राहते. श्वास चालू आहे का, ऐकते.

धाकटा : आणि ऐकू आला की जिवात जीव येतो.

ताई : नाही रे बाळ्या. हिरमोड होतो.