गंगाकाकूंची सोनामुखी

हसू नका, पण आमच्या सोलापूरच्या चाळीतल्या गंगाकाकू सोनामुखीच्या चूर्णापायी मरता मरता वाचल्या. आणीबाणीच्या आधीची गोष्ट. पोट साफ होत नाही म्हणून त्या रोज चूर्ण घ्यायच्या. पुढं त्याशिवाय पोट हलेचना, तशी मात्रा वाढत गेली. एक दिवस नळावर घागर उचलताना पायांतलं बळच गेलं आणि त्या कोसळल्या. मी आणि त्यांचे मालक शिवाप्पाकाका त्यांना टांग्यात घालून दवाखान्यात घेऊन गेलो.

डॉक्टर म्हणाले, "त्या चूर्णाच्या सारख्या जुलाबांनी अंगातले क्षार गेलेत. हृदयावर बेतलं असतं."

"पण ते झाडपाल्याचं हाय की!" काका म्हणाले.

"झाडपाल्याचं असलं तरी जुलाबाचंच औषध ते. मुळात पोट साफ का होत नव्हतं?"

काकू माझ्याकडं बघत हळूच म्हणाल्या, "संडासापुढं गडीमाणसांची रांग असती. लई लाज वाटती. रोज दाबूनच ठेवायची मी."



काकू बऱ्या होऊन घरी आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर काका संडासाच्या वाटेवर काठी आडवी धरून उभे. "मागं सरा रे समदे. आधी बायकांचं होऊ द्या."