गोल फिरतंय तोवर

बसा वो इंद्रजितसाहेब, उठू नका — सातबारा यायलाय तुमचा. दहा मिनिटं झाली न्हाईत आन पाचदा घड्याळ बघितलं! काय म्हणालात मगाशी — तीन सेकंदांत वेबसाइटचं पान उघडलं न्हाई तर माणूस निघून जातो? कुटं जातो वो? आमच्या वरच्या वाडीला चालत जायला दोन तास लागत्यात, तितला माणूस तीन सेकंदांत जाणार कुटं! आन त्यातला अर्धा सेकंद वाचवायला तुमच्या कंपनीत दहा-दहा इंजिनिअर बसवल्यात. अगं बाई! वाचवून ठेवता कुटं? पुण्याच्या चांदणी चौकात सगळा जातोच की ट्राफिकात.

तो बघा बाहेर बाकड्यावर, कोंडीबा. वाडीतनं सकाळी अकराला आलाय, दिवसाचा रोजगार बुडवून. लेकीचा फॉर्म भरायचाय, पारूचा — नर्सिंगला. बारावी झालेली वाडीतली पहिलीच पोर. एकदा तरी 'किती वेळ' म्हणाला का? न्हाई. ह्याला म्हणायचं माणूस. — मुदत? आज पाचपातुर. हायेत की अजून पंधरा मिनिटं. अवो, फॉर्म साडेअकरालाच भरून ठेवलाय मी, फोटो चढवला, दाखलं जोडलं, नुसतं शेवटचं बटण राह्यलंय. — मग दाबलं का न्हाई? हां! हितंच तुमचं शिक्षण कमी पडतं.

ऐका. हे ऑनलाइन कागदांचं दुकान नवं होतं तवा गावातला कुशाबा आला सातबाऱ्याला. मी बटण दाबलं, कागद बाहेर. म्हातारा उलटापालटा करून बघतोय — 'एवढ्यात? नीट काढलास का गं पोरी?' न्हाईच पटलं. पौडाला तहसिलात गेला, दोन दिवस हेलपाटं घातलं, त्योच कागद आणला आन हा खरा म्हणून गावभर दाखवत फिरला! तवापासनं ही सुलक्षणा शहाणी झाली. तुमच्याकडं तोंड केलेला हा दुसरा स्क्रीन हाय न्हवं — त्यावर ते गोल फिरतंय, ते कायबी करत न्हाई. नुसता व्हिडिओ हाय! मी लावते, कपाळाला आठ्या घालते, 'सर्वर लई दमवतोय' म्हणते. अर्ध्या तासानं कागद दिला की माणूस हात जोडतो — ताईंनी लई खटपट केली! — अवो, रागावता काय? व्हय, तुमचाबी कागद कवाच आलाय. हसा की जरा.

तर कोंडीबाचं बटण तवाच दाबलं असतं तर बाराच्या आत घराकडं निघाला असता, आन वाडीत काय म्हणला असता? सुलक्षणाबाई नुसतं बटण दाबती. म्हणून बसवला. मग मी जेवायला गेले, मग एक मॅडम आल्या वरडत, मग तुमी आलात पाय आपटत. जो वरडतो त्याचं आधी करावं लागतं, न्हाईतर डोकं खातो. जो बसतो त्याला बसू द्यावं — त्यात वाईट काय? त्याला सवय हाय. त्याचा बा आमच्या शेतावर होता, भाकरीला हाक मारीपातुर असाच बाहेर बसायचा. उपाशी हाय का, कुणी इचारायचंबी न्हाई. मीबी न्हाई इचारलं कधी… जाऊ द्या.

बरं बरं, दाबते. तुमच्यासमोरच दाबते. हे बघा — दाबलं. फिरतंय. — न्हाई वो, हे माझं न्हाई! माझं तिकडं, तुमच्या बाजूला. हे खरंच फिरतंय. फिरू द्या, शेवटचा दिवस हाय, सगळा महाराष्ट्र आत घुसलाय, वेळ लागायचाच. किती वाजलं? पाचला चार कमी? — फिरतंय की. फिरतंय न्हवं? मग पुढं का जाईना? परत दाबू? नको, परत दाबलं तर भरलेलं सगळं पुसलं जायचं. तुमी सांगा की कायतरी, तुमचाच धंदा न्हवं ह्यो! अर्धा सेकंद वाचवता न्हवं — वाचवा की! देवा, जा रं, जा…

आलं. आलं बघा कायतरी.

'अर्जाची मुदत संपली आहे.'

— काय रं कोंडीबा? न्हाई… अजून न्हाई. सर्वर… सर्वर दमवतोय जरा.

ऐकलंत? 'लागू द्या वेळ ताई, बसतो मी,' म्हणतोय. बसला परत.

असं काय बघताय माझ्याकडं? हा घ्या तुमचा सातबारा. पैसं नकोत. निघा आता. आन जाताना त्याच्यापाशी थांबू नका, काय बोलू नका — निघा म्हणते न्हवं!