शाळेच्या बसमधला संसार

चांदूर बाजारच्या चक्कीवर माझ्या पुढे दोघी दळणाचे डबे घेऊन उभ्या होत्या. बाहेर उभी असलेली शाळेची जुनी बस म्हणजेच मनकर्णाबाईंचं घर, हे खुर्शीदबींना नुकतंच कळलं होतं.

"बारा महिने बसमंदीच राह्यता? या उन्हात?"

"निंबाखाली लावतो. टपावर ओले पोते टाकतो, दाराले वाळ्याची ताटी बांधतो."

"अन् पानी?"

"टाकी हाये ना. बादलीभर पान्यात आंघोळ होते. पयले जमे नाई, आता जमते."

"अन् संडास?"

"मांगच्या सीटा काढून बुढ्यानं सोताच्या हातानं केला. एस्टीवर डायवर होता ना, रिटायर झाल्यावर घरात त्याचं मनच लागे नाई."

"मानलं बाई तुमाले! पन तुमी काहून हो म्हटलं?"

"लेकीसाठी. वर्षालीची सासू अंथरुनावर, तिले माहेरी याले जमेच नाई. आता दिवाळीले आमीच तिच्या सासरसमोर, रस्त्याच्या पल्याड बस लावतो."

"मंग सांजच्याले येऊन बसत असन घडीभर?"

"घडीभर काहून? बॅग भरून येते, चार दिस राह्यते. सासूनं खिडकीतून हाक मारली का औषध देऊन येते, अन् पुन्हा माहेरी."

"अन् जाताना?"

"मी वटी भरतो. मंग रडत रडत रस्ता ओलांडते."