चारही चाकं गरम

बायको गेल्यापासून एकट्यानेच गाडी चालवणारा म्हातारा गॅरेजच्या बाकावर आपल्या गाडीची वाट बघत बसला होता. समोर मिस्त्री एका वयस्क जोडप्याच्या गाडीच्या प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन बघत होता.

“एकच चाक तापलं असतं तर ब्रेक अडकलाय म्हटलं असतं. ही चारही तापलीत, काका. म्हणजे तुमचा पाय,” तो त्या जोडप्यातल्या नवऱ्याला म्हणाला.

“माझ्या पायाचं काय?”

“या गाडीला क्लच नाही. डावा पाय मोकळा राहतो, तो तुम्ही ब्रेकवर टेकवून ठेवता.”

“काय करू? ही शेजारी बसून सारखं हळू, हळू करते. पाय टेकवला की गप्प बसते.”

“घ्या. म्हणजे गाडीला जळका वास येतो तो माझ्यामुळे.”

“काकू, उद्या लेकीकडे जाताना मोठा उतार आहे म्हणालात. ब्रेक असे तापले तर तिथे लागायचेच नाहीत.”

“मग मी तोंडच उघडत नाही. झालं?”

“तू? फाटकापर्यंत तरी जमेल का?”

“तुम्ही पाय उचला आधी.”

चाकं निवल्यावर दोघं निघाले. फाटकाबाहेरच्या सरळ रस्त्यावर गाडीचे मागचे ब्रेकचे लाल दिवे विझले आणि विझलेलेच राहिले.

“गप्प बसल्या वाटतं काकू,” मिस्त्री हात पुसत म्हणाला.

म्हातारा बाकावरून उठून रस्त्याकडे बघत होता.

“वळण येऊ दे,” तो म्हणाला.