पॅसेजमधला दांडा

नाही, अजून थोडा खाली — कोपराच्या उंचीला हवा असं त्या व्यायाम घेणाऱ्या बाई सांगून गेल्यात, आणि हिचं कोपर आता पूर्वीच्या जागी राहिलेलं नाही, वाकूनच चालेल ना ती, म्हणजे चालेल तेव्हा. चालेल म्हणतात. तुम्ही खूण करून घ्या, मिस्त्री, मी मध्ये बोलत नाही. पलंगापासून बाथरूमच्या दारापर्यंत अकरा पावलं आहेत, माझी अकरा, हिची किती होतील कोण जाणे. लाकूड छान घासलंत. एक कुसळ लागत नाही हाताला. बाजारात स्टीलचे मिळतात तयार, मी पाहिले होते, पण ते गार लागतात असं तुम्हीच म्हणालात ना दारात — बरोबर आहे, पहाटे उठलेल्या माणसाला गार काही नको वाटतं. कामाला येणाऱ्या बाईंनी तुमचं नाव सुचवलं. म्हणजे कोणी तरी मिस्त्री आणा म्हटलं आणि नेमके तुम्हीच आलात. योगायोग. हो, चालू करा ड्रिल, हिला आवाजाचा त्रास नाही होत.

ऐकलंत? 'कशाला' म्हणाली. थांबू नका, रागावलेली नाही ती. तिच्याजवळ तेवढा एकच शब्द उरलाय. चौदा महिने झाले. झटका आला, उजवी बाजू गेली, आणि सगळे शब्द गेले, माझं नाव गेलं, स्वतःचं गेलं, भजनं गेली — मंडळीत, चर्चमध्ये, चाळीस वर्षं पेटी वाजवली हिनं, पुस्तक न उघडता — आणि हा एकच मागे राहिला. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी, एखादा शब्द टिकतो, का तोच टिकतो ते सांगता येत नाही. पाणी हवं, तरी कशाला. उशी टोचते, तरी कशाला. मला वाटलं, मी भाषेचा माणूस, मला अर्थ लावता येईल. लागत नाही. कारण बघा, हा शब्द प्रश्न पण आहे आणि नकार पण आहे. दार कशाला उघडलंस — हा प्रश्न. अजून थोडा चहा घ्या — कशाला, हा नकार. सुरावरून कळतं म्हणाल, पण हिचा सूर पण गेलाय, सगळं एका पट्टीत. मी सकाळी हिच्या पलंगाशी बसून प्रार्थना करायचो. आमेन म्हटलं की ही म्हणायची, कशाला. आता हे मी काय समजू? प्रार्थना कशासाठी, असं विचारते, की राहू द्या, पुरे झालं, म्हणते? दोन महिने झाले, मी नुसता बसतो. डोळे मिटून बसतो, म्हणजे बाईंना वाटावं की करतोय.

हसू येतं मला. मुलं मला काय म्हणायची ठाऊक आहे? कशासाठीसर. पाळक व्हायला आलेली मुलं, अडतीस वर्षं शास्त्राची मूळ भाषा शिकवली त्यांना, आणि दरवर्षी पहिल्या दिवशी फळ्यावर दोन शब्द लिहायचो. एका बाजूला 'का', दुसऱ्या बाजूला 'कशासाठी'. आणि 'का' पुसून टाकायचो. डस्टरनं नाही, हातानं. जरा नाटकीच होतं ते. संकट आलं की 'का' विचारणारा मागे बघतो, 'कशासाठी' विचारणारा पुढे बघतो, आणि देव पुढे असतो — असं माझं वाक्य. मुलं उतरवून घ्यायची. ही तेव्हाही टोमणा मारायची, दूध उतू जातंय, आधी गॅस बंद करा, मग कशासाठी ते विचारत बसा. फार हसायचे लोक. मी पण हसायचो.

ही लेव्हलची पट्टी धरू का मी? बुडबुडा मध्ये आला पाहिजे ना — आला.

मिस्त्री, मघाशी मी खोटं बोललो. बाईंनी नाही सुचवलं. त्या तर दुसऱ्याच कोणाला आणत होत्या, मी नको म्हटलं. मीच तुमचा पत्ता शोधला. तीन जणांना विचारावं लागलं, मंडळीत आता कोणाला ठाऊक नाही, येत नाही तुम्ही अकरा वर्षं. मला वाटलं तुम्ही निरोप ऐकून येणारच नाही. आलात, आणि आल्या आल्या आधी टेप काढलीत, तेव्हा बरं वाटलं — बोलावं लागणार नाही असं वाटलं. बघा, तरी बोलतोय.

तुमच्या मुलीच्या दफनाच्या दिवशी पाळक गावाला गेले होते म्हणून मला उभं केलं. पेटी तुम्ही स्वतः केली होती. चार फुटांची. कोपरे असेच गोल केले होते, या दांड्यासारखे, माझ्या लक्षात राहिलंय, कारण मला नवल वाटलं होतं की आता कोणाला लागणार आहेत हे कोपरे. आणि मी तुमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो — आठवतं तुम्हाला? मला शब्दन्‌शब्द आठवतो. 'का असं विचारू नका, कशासाठी असं विचारा, देव उत्तर देईल.' तुम्ही मान हलवलीत. मला वाटलं पटलं. घरी येऊन हिला सांगितलं सुद्धा, मिस्त्रींना धीर आला. ही तिच्या वाजवायच्या पेटीवरचा कपडा घडी करत राहिली. आणि पुढच्या रविवारी तुमची जागा रिकामी.

वाक्य चूक होतं असं मी नाही म्हणत. म्हणवत नाही. देवाचा हेतू असतो, हे सोडलं तर माझ्याजवळ राहिलंच काय? पण दुसऱ्याच्या दुःखातला हेतू मला इतक्या लवकर कसा काय दिसला — पेटी अजून वर होती, मिस्त्री. खाली उतरवली पण नव्हती.

आणि आणखी एक. वधस्तंभावरून प्रभूनं जी हाक मारली ना, माझ्या देवा, मला का टाकलंस, ती आपल्याकडे 'का' म्हणून वाचतात. मूळ भाषेत तो शब्द 'कशासाठी'च्या जवळ जातो. हे माझं हुकमी पान होतं. मुलांना म्हणायचो, बघा, प्रभूनं पण 'कशासाठी'च विचारलं. अडतीस वर्षं शिकवलं आणि एकदाही असं शिकवलं नाही की त्याला तिथं उत्तर मिळालं नाही. विचारलं, आणि वरून काहीच आलं नाही. तरी प्रभूनं पुढची हाक त्या देवालाच मारली. एवढं समोर होतं, एवढ्या ठळक अक्षरात, आणि मी व्याकरण बघत बसलो.

तुम्ही स्क्रू लावा ना. का थांबलात?

हा दांडा हिनंच मागितला होता. झटक्याच्या आधी दोन वर्षं. रात्रीचं उठावं लागतं, म्हणायची, पॅसेजमध्ये धरायला काही नाही, भिंतीला नुसता हात लावत जाते, एखादा दांडा लावून घेऊ या. आणि मी म्हणालो — कशाला. असाच. वर सुद्धा न बघता. आपण काय इतके म्हातारे झालो का, म्हणालो. तिनं पुन्हा विचारलं, पुन्हा म्हणालो. पाच-सहा वेळा तरी झालं असेल. त्या दिवशी सकाळी मी आत लिहीत होतो, दुःखातला देवाचा हेतू, हाच विषय, रविवारी बोलायचं होतं मंडळीत. तिनं हाक मारली, अहो. मी म्हणालो, आलो, एवढं वाक्य पुरं करतो. मग आवाज आला. इथं, जिथं तुमची पेटी — अवजारांची पेटी आहे ना, तिथं पडली होती, आणि भिंतीवर चार बोटं घसरल्याची खूण होती. पुसली मी. डॉक्टर म्हणाले, झटका आधी आला, त्या पडल्या मागाहून, दांडा असता तरी झटका चुकला नसता. हो. पण खुबा मोडला नसता. मी येईपर्यंत एकटी पडून राहिली नसती.

म्हणजे तो शब्द तिचा नाहीच, मिस्त्री. माझा आहे. तिच्याजवळ ठेवलेला.

म्हणून तुम्हाला बोलावलं. दांडा कोणीही लावला असता. मला विचारायचं होतं, अकरा वर्षांत तुम्हाला मिळालं का ते? कशासाठी, ते? मिळालं नसेल तर मला तसं सांगा. आणि तुम्हाला मला काही बोलायचं असेल, त्या दिवसाबद्दल, तर ते पण — मी ऐकून घेईन. माझी पाळी आहे ऐकायची.

काय? हो, झाला का लावून? हलवून बघू? — पक्का आहे. हिला आणू म्हणता? आत्ता? आणतो. या खुर्चीचा आधी ब्रेक काढायचा असतो, दर वेळी विसरतो. चल गं. बघ, मिस्त्रींनी काय लावलंय. दांडा. तुला हवा होता ना.

कशाला.

बघा. हेच. आता हिला मी काय सांगू, कोणत्या तोंडानं —

काय म्हणालात?

धरायला.

हिला म्हणालात तुम्ही, 'धरायला, बाई.' एवढंच.

अहो, धरला तिनं. डाव्या हातानं. नुसता ठेवला नाही हात, धरलाय, नखं पांढरी झालीत बघा. तुम्ही तिच्या हाताखालून हात काढलात तरी — नाही, सोडत नाहीये. काही म्हणालीही नाही. मी ऐकत होतो, पुन्हा म्हणेल म्हणून. म्हणालीच नाही.

भुसा राहू द्या. मी झाडतो. खरंच राहू द्या. तुम्ही निघा आता, मिस्त्री. दोन हातांना पुरेल एवढी जागा आहे या दांड्यावर, आम्ही थांबतो जरा. दार नुसतं ओढून घ्या.