सात नंबरचा हात

आयुष्यभर मी इतक्या थापा मारल्या आहेत, की दुसऱ्याची थाप मला नुसत्या वासावरून कळते. परवा कॅन्सरच्या इस्पितळात चहाच्या रांगेत माझ्यापुढे दोन नर्स उभ्या होत्या. एक चांगली मुरलेली, दुसरी नुकतीच पास झालेली.

"कसला चेहरा केलायस गं?"

"ताई, सात नंबरच्या आजोबांना आज सुई तुम्हीच लावा. काल मी दोनदा टोचलं, दोन्ही वेळा शीर निसटली."

"दोनदा चुकलं की सुई दुसऱ्याच्या हातात द्यायची. तू दिलीस. त्यात रडण्यासारखं काय?"

"ते म्हणाले, दुखलं नाही. डोळ्यांत तर पाणी होतं."

"शिंपी माणूस, सुईला घाबरेल होय? हात किती वेळ शेकलास?"

"घाईत पाचच मिनिटं."

"केमोनं शिरा रुसून बसतात. वीस मिनिटं शेकल्याशिवाय वर येत नाहीत."

"आज तरी तुम्हीच..."

"ते म्हणालेत, त्या पोरीशिवाय कुणापुढे हात काढणार नाही. पहिल्या सदऱ्याला म्हणे त्यांनीही तीन बाह्या शिवल्या होत्या."

"खरंच म्हणाले?"

"जाऊन विचार."

"औषध दहाला ना? आत्ता साडेनऊ झालेत. गरम टॉवेल आणते मी. माझा चहा तुम्ही घ्या, ताई. आणि हाक मारल्याशिवाय आत येऊ नका."

ती तरातरा गेली. मला राहवेना.

"ताई, तीन बाह्या?"

"तिचा चहा तुम्ही घ्या, काका. ते अजून काहीच म्हणालेले नाहीत. पण ती हात शेकत बसली, की म्हणतील."