भिंतीवरची तारीख

कोणाचा विश्वास बसणार नाही, पण धुळ्याच्या बसमध्ये आरोग्यसेवक वाल्मीकभाऊ शेजारच्या नर्सताईंना सांगत होते ते मी या कानांनी ऐकलं.

"माझ्या गावात तीन वर्षांत मलेरियाचा एकही रुग्ण नाही. सोमवारी बक्षीस घ्यायचंय!"

"मग तुमच्याच गावातल्या दोन वर्षांच्या अठरा पोरांच्या रक्तात मलेरियाच्या अँटीबॉडी कशा सापडल्या? ताप उतरला तरी त्या महिनोन्‌महिने रक्तात राहतात, भाऊ."

"पोरांनी मामाच्या गावाहून आणला असेल."

"अठराच्या अठरा पोरांनी?"

"मामा सगळ्यांनाच असतो, ताई. मी तर दर पंधरा दिवसांनी घरोघर ताप विचारतो, दारापाशी भिंतीवर तारीख लिहूनच निघतो."

मागच्या बाकावरून त्यांच्याच गावच्या द्रौपदाबाई कडाडल्या, "मंग आमनी भितवर पुढला महिनानी तारीख आजच कशी लिखेल शे, भाऊ?"